मुलुंडचं टेबल आणि माझा अडकित्ता

कणकवलीहून कांदिवलीला माणसं बारशाला जातात, बाराव्याला जातात, नाहीतर मोतीबिंदू काढायला जातात. मी गेलो तो निवाडा करायला. आजवर माझ्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांनी माझ्याकडून कढईचं बूड जाड की पातळ एवढाच निवाडा घेतला होता. त्यामुळे धाकट्या बहिणीचा, सुमनचा, फोन आला तेव्हा छाती जरा फुगली होती.

सुमनचा मुलगा ओंकार पोकर खेळतो. हौसेसाठी नाही, पोटासाठी. इंजिनियर झाला, थोडे दिवस नोकरी केली आणि मग पत्त्यांवर बसला. आधी मोबाईलवर खेळायचा. सरकारने मोबाईलवरचे पैशांचे खेळ बंद केले तेव्हा सुमनला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण खोकला मुलुंडला जाऊन बसला. तिथे जिग्नेशशेठ म्हणून दरवाजांच्या कड्या-बिजागऱ्यांचे मोठे व्यापारी आहेत. ते खेळाडूंना भांडवल देतात. जिंकला तर वाटा घेतात, हरला तर आपलं गेलं म्हणतात. मालवणात ट्रॉलरचा मालक डिझेल-बर्फ घालून ट्रॉलर समुद्रात सोडतो, त्यातलाच प्रकार. शेठ ओंकारला वर्षभर परदेशातल्या स्पर्धांना पाठवायला तयार होते, पण आधी दोन दुपारी त्याला आपल्या टेबलावर बसवून पारखणार होते.

ही झाली शेठची परीक्षा. दुसरी परीक्षा आईची. सुमनचा दीर मिल बंद पडल्यावर मटक्याच्या नादी लागला आणि घरातली पितळेची कळशीसुद्धा विकून मोकळा झाला. तेव्हापासून पत्त्यांची पेटी दिसली तरी ती देवाचं नाव घेते. तिने मुलाला सांगितलं, ‘‘दादा येऊन बघेल. तो म्हणाला जुगार, तर ठाण्याच्या ऑफिसात मिळतेय ती नोकरी धरायची. तो म्हणाला जुगार नाही, तर जा.’’ ओंकारने मान्य केलं. आणि मीच का, तर आमच्या पंचक्रोशीत मेंढीकोटात माझा हात धरणारा कोणी नाही. चारही दश्श्या घेऊन समोरच्यावर कोट चढवावा तर मीच.

कांदिवली

पोचलो तर सुमनने सुरमई तळली होती आणि ओंकार तिच्यासमोर बसून उकडलेली अंडी आणि काकडी खात होता.

‘‘काय रे, आजारी आहेस?’’

‘‘उद्या गेम आहे ना मामा. तळलेलं खाल्लं की डोकं जड होतं.’’

त्याची सगळी राहणी अशीच. खेळाच्या आदल्या दिवशी कोणाशी वाद नाही, बातम्या नाहीत, संध्याकाळी लांब चालणं आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात खिडकीला जाड पडदे लावून झोप. मला वाटलं होतं, लाल डोळ्यांचा, सिगारेट ओढणारा भाचा बघायला मिळेल. हा तर आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांपेक्षा शिस्तीचा निघाला.

एक रीत मात्र मला मुळीच पटली नाही. त्या घरात ‘‘जिंकलास का?’’ असं विचारायची बंदी आहे. विचारायचंच तर ‘‘नीट खेळलास का?’’ एवढंच विचारायचं. ओंकारचं म्हणणं असं, की नीट खेळूनही माणूस हरतो आणि गाढवासारखा खेळूनही जिंकतो, म्हणून निकाल विचारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे दोन बुवांमधलं डबलबारीचं भजन ऐकून आलेल्या माणसालाही पहिला प्रश्न असतो, कोण जिंकला. सुमन रोज संध्याकाळी तो प्रश्न गिळते. भांडी घासताना तिचे ओठ हलतात ते मी बघितले.

मुलुंड

पवईच्या बाजूने गाडी जात असताना मी ओंकारला विचारलं, ‘‘पोलीस आले तर?’’

‘‘तू माझा मामा आहेस आणि सुपारी खायला आला आहेस,’’ तो म्हणाला. हसला नाही. मला दरदरून घाम फुटला.

शेठचा फ्लॅट उंचावर होता. हा खेळ दुपारचा चालतो, कारण जागरण शेठना डॉक्टरांनी बंद केलंय. शेजारीपाजारी समजतात की धंद्याची मीटिंग असते. दारातच सगळ्यांचे मोबाईल एका स्टीलच्या डब्यात ठेवायला लावले. तो पोळ्यांचा डबा होता आणि झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं, हे माझ्या धंद्याच्या नजरेने लगेच हेरलं.

‘‘आवो मामा, बसा,’’ शेठ म्हणाले. गोरे, गुबगुबीत, देवळाच्या विश्वस्तासारखे दिसतात. माझ्या हातातला अडकित्ता बघून खूश झाले. ‘‘अरे वा! कातरा ना, बिनधास्त कातरा.’’

मला ओंकारच्या मागे खुर्ची मिळाली. अट एकच, तोंड उघडायचं नाही. खेळ समजायला कठीण नव्हता. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं. मध्ये आधी तीन पानं उघडतात, मग एक, मग शेवटचं एक. हातातली आणि मधली मिळून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. दर पान उघडलं की रंगीत चकत्या पुढे सरकवायच्या. समोरच्याने तेवढ्याच सरकवल्या तर खेळ पुढे, नाहीतर पानं पालथी टाकून गप्प बसायचं. त्या चकत्यांची किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर माझ्याने खुर्चीवर बसवलं नसतं.

आणि काय ती शांतता! मेंढीकोटात आम्ही पान आपटतो, जोडीदाराच्या सात पिढ्या उद्धरतो, चहावाल्यालाही खेळात ओढतो. इथे आठ माणसं बसलेली आणि आवाज फक्त चकत्यांचा आणि माझ्या अडकित्त्याचा. ओंकारची मान, खांदे, हात, काहीच हलेना. लहानपणी कैरी चोरताना पकडला गेला की याचे कान लाल व्हायचे. मी मागून कान बघत होतो. तेही पांढरे.

त्याला एकदा राजाची जोडी आली. मी श्वास रोखून धरला, पण शेठनी पानं टाकून दिली. पुढे एक्क्याची जोडी आली, तेव्हाही शेठनी टाकून दिली. पदरात पडलं ते किरकोळ. मग त्याला आली सत्ती आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगाची, कचरा. तरी हा पठ्ठ्या चकत्या सरकवतच राहिला. मला वाटलं, थाप मारतोय, शेठ घाबरून सोडतील. मी आपला सुपारी कातरत होतो. शेठनी डोळे मिटल्यासारखे केले, मग तेवढ्याच चकत्या पुढे ढकलल्या. पानं उघडली. ओंकारच्या पुढचा ढीग जवळजवळ सगळा पलीकडे गेला.

त्याने फक्त ‘‘वेल प्लेड, शेठ’’ म्हटलं.

खाली उतरल्यावर त्याने कोपऱ्यावरच्या दुकानात ढोकळा घेतला आणि शांतपणे खाल्ला. आईला फोन करून दूध आणू का विचारलं. मला त्याची भीती वाटायला लागली.

‘‘त्या आधीच्या डावात शेठकडे काय होतं रे?’’ मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

‘‘काय माहीत? टाकलेली पानं कोणी दाखवत नाही मामा. बघायची तर किंमत मोजायची.’’

घाटकोपर

मधल्या दिवशी खेळ नव्हता. ओंकार मला घाटकोपरच्या खाऊगल्लीत घेऊन गेला. तिथे डोशाच्या पोटात चीज, शेजवान, पनीर आणि बहुधा दुकानदाराचं मनही घालतात. खाताना डोसा कुठे आहे ते शोधावं लागतं. आमच्या सुमनचं घावन आणि नारळाचा रस यांचं महत्त्व माणसाला तिथे उभं राहून कळतं.

संघमित्रा तिथेच भेटली. मूळची अकोल्याकडची, वडील ट्रॉम्बेला नोकरीला होते, ती इथेच वाढली. आधी क्लासमध्ये गणित शिकवायची, आता शेठच्या भांडवलावर खेळते. ओंकारचं नाव शेठकडे तिनेच काढलं. काल टेबलावर ती माझ्या समोरच होती आणि तिथे तिच्या चेहऱ्यावर माशी बसली असती तरी उठली नसती. इथे मात्र ती भरभरून हसत होती.

ओंकार दुसरी प्लेट आणायला गेला. ती एकदम गंभीर झाली.

‘‘मामा, रागावू नका. काल शेठ ओंकारकडे बघत नव्हते.’’

‘‘मग?’’

‘‘तुमच्या हाताकडे. चांगली पानं आली की तुमचा अडकित्ता थांबतो. कचरा आला की चालू राहतो. शेठनी दोन डावांत ओळखलं. तिसऱ्यात तुमची सुपारी कटकट चालू होती, म्हणून त्यांना कळलं, थाप आहे.’’

माझ्या हातातला डोसा तसाच राहिला. चाळीस वर्षं मी मेंढीकोटात समोरच्याच्या भुवया वाचल्या आणि माझ्याच हातांचं मला ठाऊक नव्हतं. ज्याचं भविष्य ठरवायला आलो, त्याचंच वाटोळं करून बसलो होतो. ढसाढसा रडावंसं वाटलं, पण गल्लीत ढकलाढकली इतकी की तेही जमेना.

‘‘ओंकारला ठाऊक आहे?’’

‘‘त्याला न कळण्यासारखं त्या टेबलावर काही नसतं,’’ ती म्हणाली.

परतताना मी ओंकारला सांगून टाकलं, ‘‘मी उद्या येत नाही.’’

‘‘यायचं. त्याच खुर्चीत बसायचं. अडकित्ता घेऊन.’’

‘‘अरे पण...’’

‘‘तू आला नाहीस तर शेठना कळेल की आपल्याला कळलंय. यार मामा, तू फक्त नेहमीसारखा बस.’’

मी मनाशी ठरवलं, बसेन, पण दगडासारखा. पानं कसलीही येवोत, सुपारी एका लयीत कातरायची.

सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर पत्ते पसरून त्याने मला भारी पानं कुठली ते शिकवलं. इतक्या मायेने शिकवलं, की मला तो कडेवर घेतलेला ओंकार आठवला. जोडी, तीन सारखी, ओळीने पाच. ‘‘आणि हे बघ मामा, हातातली दोन आणि मधली दोन, अशी एका रंगाची चार झाली की कलर. कलर आला की समज जिंकलो. शेठकडे काहीही असो.’’ मी घोकून घेतलं. सुमन घावन घालता घालता आमच्याकडे बघत होती.

पुन्हा मुलुंड

त्या दुपारी पहिले कितीतरी डाव मी बहाद्दरासारखे काढले. राणीची जोडी आली, कटक कटक. कचरा आला, कटक कटक. हाताला रग लागली होती, पण लय सोडली नाही. शेठ अधूनमधून माझ्याकडे बघून गोड हसायचे, सुपारीचं खांड मागायचे. ओंकारचा त्या दिवशीचा नवा ढीगही हळूहळू कमी होत चालला. असाच संपला, तर शेठची परीक्षा तिथेच संपणार होती.

मग त्याने दोन पानांचे कोपरे उचलले. बदामचा गुलाम आणि बदामची नव्वी.

मधली तीन पानं उघडली. त्यात दोन बदाम.

चार बदाम! कलर! समज जिंकलो! माझ्या छातीत असं काही धडधडलं की लय, निर्धार, सगळं विसरलो. भानावर आलो तेव्हा खोलीत माझा आवाज नव्हता. अडकित्ता उघडा राहिला होता आणि शेठ त्याच्याकडे बघत होते.

मी घाईघाईने पुन्हा कातरायला गेलो. सुपारी निसटली आणि पातं थेट बोटात गेलं. कळ डोक्यापर्यंत गेली. रक्ताचा थेंब धोतरावर पडला. मी बोट मुठीत दाबून धरलं. चौथं पान आलं, किलवर. पाचवं आलं, चौकट. ओंकारने दोन्ही हातांनी आपला उरलेला सगळा ढीग पुढे लोटला.

शेठ विचार करत बसले. इतका वेळ, की भिंतीवरचा एसी बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्यांनी ओंकारच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. माझ्या मुठीकडे बघितलं, धोतरावरच्या डागाकडे बघितलं, मग हलकेच मान हलवून पानं पालथी टाकली. मधला भलामोठा ढीग ओंकारने ओढून घेतला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठनी पैसे घातले असते तर हा ढीग दुप्पट झाला असता. माझ्या हातांनी पुन्हा घात केला होता.

खेळ संपल्यावर शेठ ओंकारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘तो मोटा डाव. काय होतं तुझ्याकडे?’’

‘‘बघायचं तर किंमत मोजायला लागते, शेठ.’’

शेठ खदाखदा हसले. ‘‘पासपोर्ट तयार ठेव,’’ म्हणाले.

लिफ्टपाशी संघमित्रा माझ्या बोटाला पट्टी लावत होती. मला राहवलं नाही. ‘‘पोरी, मी नुकसान केलं गं त्याचं. चार बदाम होते त्याच्याकडे, आणि माझा अडकित्ता थांबला.’’

तिचा हात पट्टीवरच थांबला. ‘‘चार?’’

‘‘चार. कलर.’’

‘‘मामा, कलरला पाच लागतात. चारला काही किंमत नाही.’’ मग तिने लिफ्टकडे चालत येणाऱ्या ओंकारकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘‘अरे देवा.’’

परतीच्या गाडीत

पवई येईपर्यंत मी बोटांवर बदाम मोजत राहिलो. मग फुटलो.

‘‘मला खोटं शिकवलंस?’’

‘‘हो.’’ आढेवेढे नाहीत, काही नाही.

‘‘सांगितलं असतंस तर मी तसं केलं नसतं का? मुद्दाम थांबवला असता अडकित्ता!’’

‘‘नाटक केलं असतंस. तुझं नाटक मी बघितलंय मामा, गणपतीत. तू मेल्यावरसुद्धा प्रेक्षकांकडे बघत होतास.’’ एरवी मी हसलो असतो. ‘‘तुझ्या चेहऱ्यावर खोटं येत नाही. म्हणून ते खोटं आहे हे तुलाच माहीत नको होतं.’’

‘‘आणि माझा जीव वरखाली झाला त्याचं काय? मी तुझा मामा की तुझं पान?’’

तो म्हणाला, ‘‘बोट कापशील हे नव्हतं धरलं मी.’’ आणि तेव्हा मला दिसलं, त्याचा गुडघा थडथड उडत होता. टेबलावर न हललेला मुलगा टॅक्सीत आतून हलत होता. मला त्याची कीव आली आणि त्याचा संतापही आला, दोन्ही एकदम. सत्तीदुर्रीवर सगळं घालवून ढोकळा खाणारा हा मुलगा कधी हललाच नाही, असं मी धरून चाललो होतो.

सुमन दारातच उभी होती. ओंकारने सांगितलं, शेठ हो म्हणाले. तिने ते ऐकलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी खुर्चीत बसलो, अडकित्ता काढला. ती पुढ्यात जमिनीवर बसली. रडू येईलसं झालं की तिची मालवणी वर येते.

‘‘दादा, माका खरा काय ता सांग. ह्यो जुगार आसा काय?’’

ओंकार दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. माझ्या एका शब्दावर त्याचं वर्ष होतं, आणि मला वाटलं, म्हणावं जुगार, बसू दे याला ठाण्याच्या ऑफिसात टेबलापाशी. माझ्या कापलेल्या बोटाची भरपाई झाली असती. पण मी निवाडा करायला आलो होतो, सूड घ्यायला नाही.

‘‘नाय गे,’’ मी म्हणालो. ‘‘जुगारी माणूस सगळा नशिबावर सोडता. तुझ्या झिलान काय एक नशिबावर सोडूक नाय.’’

सुमनने पदराने डोळे पुसले, हसली, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा तिने तो प्रश्न मुलाला उघड विचारला, ‘‘जिंकलंस मां रे?’’ तो ‘‘हो’’ म्हणाला. ती सुरमई तळायला आत गेली. माझ्या हातात सुपारी तशीच होती. अडकित्ता चालला नव्हता.

बोरिवली

परतीची बस बोरिवलीहून होती. ओंकार पोचवायला आला. पाण्याची बाटली, चिकू, बोटाला लावायचं मलम, सगळं त्याने आणलं होतं. बस लागली तरी तो घुटमळत होता.

‘‘मामा, काल आईशी बोलताना तुझा अडकित्ता थांबला होता.’’

‘‘बरं मग?’’

‘‘काहीतरी होतं, जे तू आईला सांगितलं नाहीस.’’

होतं. ‘नशिबावर काही सोडलं नाही, मलासुद्धा नाही,’ असं वाक्य होतं ते. अर्धं मी गिळलं होतं. हा मुलगा जिंकणार, याची मला खात्री पटली होती. जिंकता जिंकता शेवटी याच्यामागे खुर्ची टाकून बसायला कोणी उरेल का, ही धास्ती मी घरी घेऊन चाललो होतो.

‘‘सांग ना,’’ तो म्हणाला.

‘‘बघायचं तर किंमत मोजायची.’’

तो चमकला. ‘‘किती?’’

‘‘गणपतीला घरी ये. पाच दिवस. रात्री आरतीनंतर मेंढीकोटाला माझा जोडीदार म्हणून बस. पान आपट, ओरड, शिव्या खा, लबाडी केलीस तर सगळ्यांदेखत पकडला जा.’’

गणपतीच्या दिवसांतच त्याची परदेशात मोठी स्पर्धा आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. कंडक्टरने दार ओढलं. खिडकीतून मागे बघितलं तर तो तिथेच उभा होता, दोन्ही हात खिशात, टेबलावर बसल्यासारखा स्थिर. कान दिसतील एवढा उजेड नव्हता.

बोट आता भरलंय. सुपारी कातरताना वण तेवढा खुपतो. दुकानात संध्याकाळी मंडळी जमतात आणि यंदा मेंढीकोटाला तुझा जोडीदार कोण म्हणून विचारतात. गणपतीला अजून अवकाश आहे. ती जागा मी कुणाला दिलेली नाही.